जेनेट रँकिन यांच्यावर लेख लिहायचाय? सुरुवात मतांच्या नोंदीपासून करा

जेनेट रँकिन या अमेरिकी काँग्रेसवर (म्हणजे तिथल्या संसदेवर) निवडून गेलेल्या पहिल्या महिला. आधी कागदावर त्यांच्या दोन मुदती मांडा: ४ मार्च १९१७ ते ३ मार्च १९१९ (६५वी काँग्रेस) आणि ३ जानेवारी १९४१ ते ३ जानेवारी १९४३ (७७वी). मार्च-जानेवारीचा फरक चूक समजून सुधारू नका. १९३३ च्या विसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत मुदत मार्चमध्येच सुरू व्हायची. निवडून आल्या नोव्हेंबर १९१६ मध्ये, प्रतिनिधिगृहात (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात) बसल्या २ एप्रिल १९१७ ला. या तारखांची सरमिसळ बऱ्याच लेखांत सापडते.

मग मतदारसंघ बघा. १९१६ मध्ये मोंटाना राज्याला दोन जागा होत्या आणि अख्खं राज्य हाच एक मतदारसंघ होता. पुढे त्याचे दोन भाग पडले, तेव्हा १९१८ मध्ये रँकिन सिनेटसाठी (वरिष्ठ सभागृहासाठी) उभ्या राहिल्या आणि पक्षांतर्गत निवडणुकीत हरल्या. हे वगळलं की ‘पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून पडल्या’ एवढंच अर्धं कारण उरतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो काँग्रेसच्या छापील कामकाजवृत्ताला. ते इंटरनेटवर मोफत वाचता येतं. १९१७ मध्ये युद्धात उतरण्यावरची चर्चा ५ एप्रिलला सुरू झाली आणि मतदान ६ एप्रिलच्या पहाटे तीनच्या सुमारास झालं, म्हणून दोन्ही तारखांखाली शोधा. नावं पुकारताना पहिल्या फेरीत रँकिन गप्प राहिल्या. दुसऱ्या फेरीत उभ्या राहून म्हणाल्या, देशाच्या पाठीशी राहायचंय, पण युद्धाच्या बाजूने मत देता येत नाही. निकाल ३७३ विरुद्ध ५०. म्हणजे तेव्हा त्या एकट्या नव्हत्या! एकट्या पडल्या त्या ८ डिसेंबर १९४१ ला, जपानविरुद्धच्या युद्धाच्या ठरावावर: ३८८ विरुद्ध १.

कामकाजवृत्तातल्या भाषणांवर डोळे झाकून विसंबू नका. सदस्यांना आपलं भाषण छापण्याआधी सुधारता येतं, न केलेलं भाषणही जोडता येतं. म्हणून त्याच आठवड्यातली निदान दोन वर्तमानपत्रं उघडा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मोफत संग्रहात मोंटानाचं ‘द डेली मिझूलियन’ आहे. १९१७ च्या मतदानावेळी त्या रडल्या असं पत्रकारांनी छापलं, पण हजर असलेल्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. तेव्हा ‘रडल्याच’ असं ठामपणे लिहू नका.

१९४१ च्या नोंदी चाळताना एक खड्डा हमखास लागतो. त्याच सभागृहात मिसिसिपीचे जॉन रँकिनही होते. नुसतं ‘रँकिन’ शोधलंत तर त्यांची भाषणं जेनेट यांच्या नावावर चढतील. नावाआधी ‘मिस’ आहे की ‘मिस्टर’, आणि राज्य कोणतं, हे दर वेळी बघा.

दोन मुदतींच्या मधली २२ वर्षं आणि नंतरची तीस मोकळी सोडू नका. १९४६ पासून त्या अनेकदा भारतात आल्या, गांधीजींच्या विचारांच्या ओढीने. जानेवारी १९६८ मध्ये, ८७ व्या वर्षी, वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धाविरोधातल्या महिलांच्या मोर्चाच्या अग्रभागी त्याच चालत होत्या.