दोन गटांचे व्हेरिअन्स तपासताना या चुका टाळा

मार्च आला की प्रोजेक्टच्या फायली माझ्या टेबलावर चढत जातात. विषय वेगवेगळे असतात: विरार आणि कर्जत लोकलचा उशीर, दोन मशिनींवर भरलेल्या पाकिटांचं वजन, दोन तुकड्यांचे मार्क. ‘दोन्ही गटांतला चढउतार सारखाच आहे का?’ हा प्रश्न बहुतेक फायलींत असतो आणि चुकाही त्याच त्याच असतात. हा चढउतार मोजायचा तो व्हेरिअन्सने, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांच्या साधारण सरासरीने.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आकडे कसे पसरलेत ते न बघता एफ टेस्ट लावणं. दोन सॅम्पल व्हेरिअन्सचं गुणोत्तर काढायचं आणि एफ टेबलशी ताडायचं, इतकी ती सोपी, म्हणूनच सगळे तिच्याकडे धावतात. पण दोन्ही गट नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या, सममित) वितरणातून आलेत हे तिने गृहीत धरलेलं असतं, आणि या बाबतीत ती फार हळवी आहे. संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज बॉक्स यांनी हे १९५३ सालीच दाखवून दिलं होतं.

एका विद्यार्थिनीने हॉस्पिटलमधल्या केस पेपरच्या दोन खिडक्यांवर लोक किती मिनिटं थांबतात ते नोंदवलं होतं. एफ टेस्टची पी व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, अगदी बारीक आली. लगेच रिपोर्टात ‘दुसऱ्या खिडकीवरचं काम बेभरवशाचं’ असं लिहून क्लार्क बदलण्याची शिफारसही केली. मी म्हटलं, “अगं, आधी ठिपके काढून दाखव.” काढले. दोन्ही खिडक्यांचे बहुतेक ठिपके दहा ते वीस मिनिटांत दाटलेले, उजवीकडे विरळ शेपूट, आणि दुसऱ्या खिडकीचे दोन ठिपके पार दीड तासापाशी. तिच्याच वहीत त्या वेळेसमोर लिहिलं होतं: प्रिंटर बंद. क्लार्कचा त्यात काय दोष? एका माणसाच्या बदलीची शिफारस त्या दोन ठिपक्यांवर उभी होती.

“पण मॅडम, सॅम्पल तर मोठं आहे!” हे उत्तर मला दरवर्षी मिळतं. सरासरीची तुलना करताना सॅम्पल वाढवलं की सेंट्रल लिमिट थिअरम (मोठ्या सॅम्पलची सरासरी नॉर्मल वितरणाच्या जवळ जाते हा नियम) मदतीला येतो. इथे तो येत नाही. वितरणाची शेपटं जड असतील, म्हणजे टोकाचे आकडे नॉर्मलपेक्षा जास्त वेळा येत असतील, तर सॅम्पल कितीही वाढवा, एफ टेस्ट चुकीचीच राहते. आकडे एक्स्पोनेन्शियल वितरणातले (लहान आकडे खूप, उजवीकडे लांब शेपूट) असतील आणि दोन्ही गटांचे व्हेरिअन्स खरोखर समान असतील, तरी मोठ्या सॅम्पलवर ती ५ टक्क्यांऐवजी सुमारे ३३ टक्के वेळा ‘फरक आहे’ म्हणून ओरडते. दोन किंवा जास्त गटांचे व्हेरिअन्स ताडणाऱ्या बार्टलेट टेस्टलाही हाच आजार आहे.

माझी सवय अशी: आधी ठिपके, मग ब्राउन–फोर्साइथ टेस्ट. प्रत्येक आकडा आपल्या गटाच्या मध्यकापासून (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यापासून) किती दूर आहे ते काढायचं, उणे चिन्ह सोडून द्यायचं आणि त्या अंतरांच्या सरासरीची तुलना करायची. लेव्हीन यांनी १९६० साली हेच सरासरीपासूनची अंतरं घेऊन केलं होतं. ब्राउन आणि फोर्साइथ यांनी १९७४ साली मध्यक आणला आणि तिरक्या आकड्यांपुढे ती टेस्ट जास्त टिकाऊ झाली. त्या विद्यार्थिनीच्या आकड्यांवर या टेस्टने फरक दाखवला नाही. ते दोन ठिपके मात्र आम्ही पुसले नाहीत, कारणासकट वेगळे नोंदवले. नको असलेला आकडा गुपचूप उडवणं मला अजिबात चालत नाही.

दुसरी चूक एक्सेलवाल्यांची. मोठा व्हेरिअन्स वर ठेवायचा आणि ५ टक्क्यांच्या एकतर्फी (फरकाची एकच दिशा धरणाऱ्या) टेबलशी ताडायचं. कुठला मोठा हे आकडे बघून ठरवलंत, म्हणजे खरी चूक-पातळी (फरक नसताना ‘आहे’ म्हणण्याची शक्यता) १० टक्के झाली. त्यात एक्सेलचं एफ टेस्ट फंक्शन दुतर्फी पी व्हॅल्यू देतं आणि डेटा अॅनालिसिसमधलं एफ टेस्टचं टूल एकतर्फी. एकाच फायलीत दोन उत्तरं दिसली की मुलं सोयीचं उचलतात. दिशा आकडे गोळा करण्याआधीच वहीत लिहून ठेवा.

‘पी मोठी आली, म्हणजे व्हेरिअन्स समान’ हे वाक्य मी लाल पेनाने खोडते. दोन्ही गटांत १०-१० नोंदी असतील तर दुतर्फी ५ टक्क्यांना गुणोत्तर ४.०३ च्या पुढे जावं लागतं. म्हणजे एका गटाचं प्रमाण विचलन (व्हेरिअन्सचं वर्गमूळ) दुसऱ्याच्या दुप्पट दिसलं तरी टेस्ट गप्प बसेल! गुणोत्तराचा विश्वास अंतराल (खरं गुणोत्तर ज्या पट्ट्यात असू शकेल तो) द्या, मग आपल्याला किती कमी कळलंय ते वाचणाऱ्यालाही दिसतं. आणि सरासऱ्या ताडणाऱ्या टी टेस्टची परवानगी मिळवायला ही चाचणी करत असाल तर तो फेरा सोडा, सरळ वेल्चची टी टेस्ट वापरा, तिला समान व्हेरिअन्स लागत नाहीत. ‘आर’ या सॉफ्टवेअरमध्ये ती आपोआप होते, पायथनच्या सायपाय लायब्ररीमध्ये समान व्हेरिअन्सचा पर्याय स्वतः बंद करावा लागतो.

गुणोत्तरात प्रमाण विचलन घालू नका, त्याचा वर्ग घाला. एफ टेबलमध्ये अंशाचे आणि छेदाचे स्वातंत्र्यांश (इथे गटातल्या नोंदी वजा एक) अदलाबदल करू नका. सायपायमधलं एफ वनवे हे सरासऱ्यांची तुलना करतं, नावात एफ दिसला म्हणून धावू नका.

आणि सकाळी व संध्याकाळी त्याच प्रवाशांची वेळ मोजली असेल तर ते दोन स्वतंत्र गट नव्हेत. इथे एफ टेस्ट नाही आणि ब्राउन–फोर्साइथही नाही. पिटमन आणि मॉर्गन यांनी १९३९ साली दिलेली युक्ती वापरा: प्रत्येक प्रवाशाच्या दोन वेळांची बेरीज आणि वजाबाकी काढा आणि त्या दोघींतला सहसंबंध शून्य आहे का ते तपासा. व्हेरिअन्स समान असतील तर तो शून्यच असतो. ठिपके मात्र इथेही आधी काढा, कारण नॉर्मलची अट या युक्तीलाही लागू आहे.