वनस्पती वर्गीकरणात करिअर करताय? खानदेशातल्या नव्या संशोधकांनी या चुका टाळा

गाईड मिळाला, विषय ठरला, पहिल्याच पावसाळ्यात नमुन्यांचे गठ्ठे जमले. मग तिसऱ्या वर्षी प्रबंध लिहायला बसलं की कळतं, यातले बरेच नमुने कामाचेच नाहीत. घोळ सहसा ओळखण्यात नसतो. तो रानात त्या दिवशी न लिहिलेल्या चार ओळींत असतो. ओळख चुकली तर पुढे कुणीही दुरुस्त करतो, पण नोंद पुन्हा मिळत नाही.

एकाच फेरीत झाड 'उरकणे'

सातपुड्याच्या कोरड्या जंगलात ही चूक हमखास होते. सालई, कांडोळ, पळस ही झाडं निष्पर्ण असताना फुलतात. फेब्रुवारीत गेलात तर फूल मिळेल पण पान नाही, ऑगस्टमध्ये त्याच्या उलट. मग दोन वेगळ्या झाडांच्या फांद्या एका शीटवर (वाळलेला नमुना लावायच्या जाड कागदावर) चिकटवल्या जातात, हे तर अजिबात करू नका. पहिल्या फेरीत झाडाला तारेने सैलसर पत्र्याची चकती बांधा, जीपीएस नोंदवा आणि पानांच्या हंगामात त्याच झाडाकडे परत या. तारीख वेगळी म्हणजे संकलन वेगळं, म्हणून क्रमांकही वेगळा द्या आणि दोन्ही लेबलांवर एकमेकांचा क्रमांक लिहा. संकलन क्रमांक आयुष्यभर सलग चालतो, दरवर्षी १ पासून सुरू करायचा नसतो.

लेबल: इथे सगळ्यात जास्त माती होते

'तोरणमाळ परिसर' एवढंच लिहिलेलं लेबल फारसं कामाचं नाही. गाव, रस्त्यापासूनचं अंतर, ओढ्याचा काठ की खडकाळ उतार, समुद्रसपाटीपासूनची उंची, अक्षांश-रेखांश हे सगळं हवं.

अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत तर नेहमीची. २१ अंश ५ मिनिटं म्हणजे २१.५ नव्हे, २१.०८३. ही एक चूक नमुना सुमारे ४६ किलोमीटर उत्तरेला सरकवते, म्हणजे भुसावळजवळची वनस्पती मध्य प्रदेशात जाऊन पडते. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर ती थेट आर्क्टिक समुद्रात! शीट चढवण्याआधी प्रत्येक बिंदू नकाशावर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

फुलाचा रंग, वास, चीक, खोडाची साल, झाडाची उंची हे सुकल्यावर दिसत नाही, म्हणून जागेवरच लिहा. स्थानिक नाव ऐकलं तसंच लिहा आणि ते अहिराणी की पावरी हेही टाका. त्याचं प्रमाण मराठी करत बसू नका.

वाळवणे आणि चिकटवणे

मे महिन्यात जळगावच्या उन्हाळ्यात नमुना भराभर वाळतो, त्यामुळे नवख्याला वाटतं प्रेसमध्ये (नमुना कागदांत दाबून वाळवायच्या फळ्यांत) घातलं की झालं. ऑगस्टमध्ये तोच माणूस बुरशी खरवडत बसतो. पावसाळ्यात पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदला. पहिल्या बदलाच्या वेळी पानं अजून मऊ असतात, तेव्हाच एक-दोन पानं उलटी करा म्हणजे पाठ दिसेल. केळीसारखं मोठं पान असेल तर टोक, मध्य आणि बुडाचा तुकडा घ्या, पूर्ण लांबी-रुंदी लेबलवर लिहा. कंदीलपुष्पासारखी फुलं प्रेसमध्ये चपटी होऊन आतली रचना हरवते. दोन-तीन फुलं ७० टक्के अल्कोहोल ९० मिली, फॉर्मॅलिन ५ मिली, ॲसेटिक आम्ल ५ मिली या द्रावणात ठेवा आणि कंद जमिनीतच राहू द्या.

शीट साधारण ४२ × २८ सेंटीमीटरचं असतं. सेलोटेप नको, काही वर्षांत पिवळी पडून सुटते. जाड फांदी दोऱ्याने शिवा. गळालेल्या बिया-फुलांसाठी कागदी पाकीट लावा.

'टाकळाच आहे' म्हणून मोकळं होणे

रस्त्याकडेला टाकळा दिसला की 'सेना टोरा' लिहून टाकतात. पण सेना ऑब्ट्युसिफोलिया हुबेहूब तशीच दिसते. भिंग काढा. टोरात खालच्या दोन पर्णिकाजोड्यांमध्ये ग्रंथी असतात, ऑब्ट्युसिफोलियात फक्त सगळ्यात खालच्या जोडीत. टोराच्या शेंगेचा देठ आखूड आणि बीवरचा पट्टा रुंद, दुसरीत देठ लांब आणि पट्टा अगदी अरुंद. म्हणजे शीटवर खालची पानं आणि पिकलेली शेंग दोन्ही नसतील तर वाद मिटत नाही. फोटोवरून ओळखणारं ॲप इथे उपयोगाचं नाही, कारण फोटोत ग्रंथी क्वचितच येते.

जुनं नाव तसंच उचलणे

कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा वर्णनग्रंथ (१९०१–१९०८), आजही हाताशी लागतो, पण त्यातली नावं जशीच्या तशी छापायची नाहीत. बाभूळ तिथे अकेशिया अरेबिका आहे, मग अकेशिया निलोटिका झाली, आता वॅशेलिया निलोटिका. आजचं नाव 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' या संकेतस्थळावर तपासा आणि लेखकनामासह (ते नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावासह) लिहा.

'नवी जात' जाहीर करण्याची घाई तर सगळ्यात महाग पडते. एका टेकडीवरच्या चार झाडांचं पान लांब निघालं म्हणून जात नवी होत नाही. जवळच्या जातींचे मूळ वर्णन आणि टाइप नमुने (ज्यांच्यावरून त्या जातींना नाव दिलं ते नमुने) पाहिल्याशिवाय लिहू नका. वर्णन किंवा निदान (जवळच्या जातींपासूनचा फरक सांगणारा मजकूर) लॅटिन अथवा इंग्रजीत लागतं. होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार असलेला एकमेव नमुना, कोणत्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात) ठेवला ते लेखात नमूद नसेल तर नाव वैध ठरत नाही. तो कॉलेजच्या कपाटात ठेवू नका, पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या सार्वजनिक हर्बेरियममध्ये द्या.

परवानगी आणि परीक्षा

यावल किंवा गौताळा अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय एक फांदीही तोडू नका. अर्ज हंगामाच्या बराच आधी करा, नाहीतर कागद येईपर्यंत फुलोरा संपलेला असतो.

आणि रानात रमून नेट, म्हणजे शिष्यवृत्ती व प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, राहून जाते. सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये वनस्पतिशास्त्राचा वेगळा पेपर नाही, 'लाइफ सायन्सेस' आहे. वर्गीकरण त्यातला एक छोटा भाग, रेणवीय जीवशास्त्र टाळून भागत नाही. जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये मिळतात, फिरतीचा खर्च त्यातून निघतो. परीक्षा साधारण जून-डिसेंबरमध्ये असते. जूनचा पहिला पाऊस आणि परीक्षा एकाच आठवड्यात येऊ शकतात, तेव्हा जूनमध्ये फुलणाऱ्या कंदवर्गीय वनस्पतींची फेरी आधीच दुसऱ्या वर्षावर टाकून ठेवा.