इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्स शिकताना सराव कसा करावा

पहिल्या सहामाहीत ओहमचा नियम आणि मल्टीमीटर पक्के करा, पीएलसीची (यंत्रं चालवणारा, प्रोग्राम करता येणारा कंट्रोलर) घाई नको. मोजमाप कच्चं असेल तर प्रोग्राम बरोबर असूनही दोष सापडत नाही.

सरावाला 24 व्होल्टचा डीसी सप्लाय, त्याच व्होल्टेजचा छोटा रिले (कॉइलला करंट मिळाला की ओढला जाणारा स्विच) आणि तीन वायरींचा प्रॉक्सिमिटी सेन्सर (जवळ आलेली वस्तू स्पर्शाशिवाय ओळखणारा) पुरे. तपकिरी वायर +24 ला, निळी 0 व्होल्टला, काळी सिग्नलची. सेन्सर पीएनपी (चालू झाला की काळ्या वायरीवर +24 देणारा) असेल तर रिलेची कॉइल काळ्या आणि निळ्या वायरीमध्ये जोडा. एनपीएन (चालू झाला की काळी वायर 0 व्होल्टला जोडणारा) असेल तर तपकिरी आणि काळ्या वायरीमध्ये. बहुतेकांचं इथेच चुकतं: सेन्सरचा दिवा लागतो, रिले मात्र ओढत नाही. कॉइलला 1एन4007 डायोड उलटा लावा, पट्टा असलेलं टोक धन बाजूला. नाहीतर कॉइल बंद होताना बसणारा व्होल्टेजचा झटका सेन्सरचा आउटपुट ट्रान्झिस्टर घालवू शकतो.

मग 4 ते 20 मिलिअँपिअरचा लूप, म्हणजे सेन्सरचं मोजमाप करंटच्या रूपात पाठवणारं सर्किट: सर्वात कमी मोजमापाला 4, सर्वात जास्तला 20. 250 ओहमच्या रेझिस्टरवर 1 ते 5 व्होल्ट मिळायला हवेत. 0 मिलिअँपिअर दिसले तर आधी तुटलेली वायर शोधा. करंट मोजून झाला की मीटरची लाल लीड लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये घाला. करंटच्या सॉकेटमध्येच ठेवून सप्लायवर टेकवली तर शॉर्ट होतो.