इंजिनावरची तेलकट धूळ: आधी ब्रीदर बघा

रावेर-यावलकडं केळीची वाहतूक करणाऱ्या आमच्या डिझेल पिकअपच्या इंजिनावर काळ्या मातीचा तेलकट थर सारखा चढायचा. धुतलं की काही दिवसांत पुन्हा तेच, कारण मूळ गळती तशीच होती.

इंजिन गार असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. अल्टरनेटर, वायरिंगचे कनेक्टर आणि हवा ओढायचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीनं बांधलं. डीग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण) लावून रंगाच्या जुन्या ब्रशनं घासलं आणि साध्या पाइपनं धुतलं. प्रेशरचा फवारा इथं नको, कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. पूर्ण वाळवून, पिशव्या सोडून, वायर जोडून इंजिन चालू केलं नि टॉर्च मारली, तर टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून तेल पाझरत होतं.

त्या झाकणाखालचं पॅकिंग कडक झालं होतंच, पण खरा दोष ब्रीदर पाइपचा, म्हणजे इंजिनात साठणारा वायू बाहेर काढणाऱ्या नळीचा. तो गाळानं तुंबला की क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोकळ भागातला) दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. म्हणून आधी ब्रीदर साफ, मग नवं पॅकिंग. बोल्ट मधून कडेकडं, थोडेथोडे आवळायचे. जोर केला तर पत्र्याचं कव्हर वाकतं.

एअर फिल्टरला हवा आतून बाहेर मारायची, तीही हलकी. नंतर आत बल्ब धरायचा. टाचणीएवढा उजेड दिसला तरी फिल्टर बाद. फिल्टरकडून इंजिनाकडं जाणाऱ्या होजमध्ये (रबरी नळीत) पांढरं फडकं फिरवा. माती लागली तर क्लॅम्प ढिला आहे किंवा होज चिरलाय.

धुतल्यावर चकाकीसाठी डिझेल मारून देतात, ते साफ नाकारा. त्यावर धूळ चिकटते आणि रबर फुगतं.