पणजीत दोन बुटीक हॉटेलांतून एक निवडताय? या चुका टाळा

पणजीला जायचं ठरलं की लोक फोंताइन्हासमधली, म्हणजे तिथल्या पोर्तुगीज वळणाच्या जुन्या वस्तीतली, दोन हॉटेलं हेरतात, फोटो व्हॉट्सॲपवर धाडतात आणि विचारतात, "कुठलं घेऊ?" फोटोंवरून काय सांगणार? दोन्हीकडे रंगीत भिंत, जुना पलंग, बाल्कनीत वेताची खुर्ची.

खरी चूक अशी की लोक हॉटेल निवडतात, खोली निवडत नाहीत. मोठ्या साखळी हॉटेलात ते खपून जातं, तिथे सगळ्या खोल्या एका साच्यातल्या. इथली बरीच हॉटेलं म्हणजे मुळात राहती घरं. एकाच दरात एक खोली गल्लीवर उघडते, तर दुसरीच्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसते.

माझ्या मावसभावाने असंच निळ्या भिंतीच्या बाल्कनीवर भाळून बुकिंग केलं. "आधी फोन कर" असं बजावलं होतं, पण ॲपवर 'शेवटची एक खोली' दिसली आणि गड्याने पैसे भरून टाकले. सोबत मावशी, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. खोली निघाली माडीवर, जिना लाकडी आणि उभा, लिफ्ट नाही. तळमजल्यावरच्या खोल्या भरलेल्या. एकदा वर चढलेली मावशी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली उतरली नाही. त्यात सकाळपासून बाल्कनीखाली फोटो काढणाऱ्यांची रीघ. (या गल्ल्यांतल्या रहिवाशांनीही वैतागून 'फोटो काढू नका' अशा पाट्या लावल्यात.) शेवटी यादीतल्या दुसऱ्या हॉटेलात तळमजल्याची खोली घेतली, चढ्या दराने. पहिल्याचे पैसे गेले ते गेलेच.

माझी सवय साधी आहे. दुपारी तीन-चारला, चेक-आउटची धांदल ओसरल्यावर, दोन्हीकडे फोन लावायचा. खोली कुठल्या मजल्यावर, पायऱ्या किती, खिडकीखाली काय, डोक्यावरची जमीन लाकडी आहे का? लाकडी असेल तर वरच्याने रात्री पाणी प्यायला उठलेलंही कळतं. "सर, सगळ्याच रूम छान आहेत" म्हणणारं हॉटेल मी सोडतो. "ती कोपऱ्यातली नका घेऊ, खाली किचन आहे" असं सांगणारं घेतो, मग त्याचे फोटो कसेही असोत.

दुसरी चूक पैशांची. दरातला फरक बघतात, कर बघत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. वर म्हणतात, "दोनशेच रुपये जास्त, घेऊन टाकू!" दोन रात्रींत जवळपास चोवीसशे रुपये जास्त जातात, तेवढ्यात दोघांचं माशाचं जेवण चांगलं होतं. नाश्ता दरात धरलाय की वेगळा, तेही विचारा.

नकाशावरचं अंतर पाहून आल्तिनोवरचं हॉटेल 'जवळच' समजू नका. आल्तिनो ही टेकडी आहे आणि फोंताइन्हास तिच्या पायथ्याशी. सामान घेऊन चढून बघा.

गाडी नेत असाल तर पार्किंग कुठे, हे लेखी घ्या. गल्ल्या अरुंद आहेत.

नोव्हेंबरात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, फेब्रुवारीच्या सुमारास कार्निव्हल. त्या दिवसांचे दर पाहून "गोवा महाग झालं" म्हणू नका, तारखा बदला.

रिव्ह्यू वाचायचे तर तीन ताऱ्यांचे वाचा. पाचवाले खूश असतात, एकवाल्यांचं बऱ्याचदा रिसेप्शनवर भांडण झालेलं असतं.

आणि ठरत नाही म्हणून दोन्ही हॉटेलं 'फ्री कॅन्सलेशन'वर अडवून बसू नका. आठ-दहा खोल्यांच्या हॉटेलाला एक अडकलेली खोलीही जड जाते. एकाला हो म्हटलं की दुसरं त्याच दिवशी रद्द करा. फुकट रद्द करण्याची मुदत कोणाच्याच लक्षात राहत नाही आणि पैसे कापले गेले की फोन मला येतो.