युवा मार्गदर्शन उपक्रमासाठी सरकारी अनुदान मागताय? या चुका टाळा

वस्तीतल्या आठवी ते बारावीच्या मुलांना मार्गदर्शक म्हणून एकेक ताई-दादा जोडून देणाऱ्या संस्था मनापासून राबतात. तरी त्यांचे प्रस्ताव त्रुटी निघून परत येतात, आणि बहुतेकदा कारण एकच असतं: राहून गेलेला चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवणारा अर्ज.

विश्वस्त बदलले, ठराव झाला, इतिवृत्तावर सह्या झाल्या की काम संपलं असं समजू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात हा बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला की परिशिष्ट-१ वर, म्हणजे संस्थेच्या नोंदणीच्या अधिकृत उताऱ्यावर, जुनीच नावं राहतात, कधी वारलेल्या माणसाचंही. बँकेत आणि दर्पण पोर्टलवर (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर) मात्र नवी नावं. छाननीत हे लगेच दिसतं. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडा, पण प्रस्तावाआधी हे मार्गी लावा.

पैसे आल्यावर ते संस्थेच्या रोजच्या खात्यात मिसळू नका. प्रवासाच्या रकमेतून टॅब घेतला, तर पूर्वमंजुरीशिवाय तो खर्च नामंजूर होऊ शकतो. केंद्राचं अनुदान असेल तर आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-ए नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यायचं असतं. अनुदानावर बँकेत जमलेलं व्याजही सरकारजमा करावं लागतं. अनेक खजिनदारांना हे लेखापरीक्षणातच कळतं.

अहवालात उद्घाटनाचे हारतुरे नकोत. ताईच्या वहीतली नोंद जोडा: ‘अकरावीचा फॉर्म भरला. कॉलेजचा कोड चुकला होता, दुरुस्त केला. पुढच्या वेळी जातीच्या दाखल्याचं बघायचं.’ काम झाल्याचा याहून चांगला पुरावा नाही. मुलाचं नाव मात्र झाका.

ताई-दादांची पोलीस पडताळणी ‘ओळखीचाच आहे’ म्हणून टाळली जाते. इथे भीड ठेवूच नका. मुलाला बंद खोलीत एकटं भेटायचं नाही, हा नियम लेखी हवा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल म्हणून गप्प बसणं हा गुन्हा ठरतो.

आणि पहिल्या हप्त्याच्या भरवशावर जूनमध्ये मुलं जोडू नका. हप्ता लांबला की ताईचं येणं थांबतं, आणि मुलाला वाटतं आपलंच काही चुकलं. दोन-तीन महिन्यांचा प्रवासखर्च आधी गावातल्या देणगीदारांकडून उभा करा, मगच जोड्या लावा.