क्लिंगॉनमध्ये आकडा आणि नाम जोडताना या चुका टाळा

क्लिंगॉन, म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या परग्रहवासीयांसाठी रचलेली भाषा, शिकायला घेतलेली मंडळी आधी आकडे पाठ करतात आणि काम झालं समजून पुढे पळतात. आकडा नामाच्या कुठल्या बाजूला बसवायचा, तिथे मग गाडी अडते. (खाली ’ दिसेल तिथे आवाज घशात क्षणभर अडवायचा.)

“वा’ डूष” म्हणजे टॉर्पेडो डागायची एक नळी. “डूष वा’” म्हणजे नळी क्रमांक 1. आकडा आधी आला की मोजणी, नंतर आला की नंबर. आमच्यातल्या एकाने नाटुकलं लिहिलं होतं. त्याला म्हणायचं होतं ‘नळी क्रमांक 4’, आणि लिहिलं “लोष डूष”. मी खूण करून दिली, तर म्हणे संदर्भावरून कळतं की! तालमीत समोरच्याने चार बोटं वर करून चारही नळ्या सज्ज असल्याची वर्दी दिली. पुढचं अख्खं पान चौथ्या नळीतल्या बिघाडावर होतं. मी स्वतः लिहिताना मनात ‘क्रमांक’ शब्द घालून बघतो. तो खपला, तर आकडा नामानंतर.

‘दुसरा’, ‘तिसरा’ करणारा “-डिच” लावलेला आकडाही नंतरच: “मेब चा’डिच”, दुसरा पाहुणा.

“लाव्’”चं दुखणं वेगळं. आपण ‘पुष्कळ जहाजं’ म्हणतो, म्हणून लोक “लाव्’ डूजमेय” लिहितात. पण हे क्रियापद आहे, ‘पुष्कळ असणं’, आणि क्लिंगॉनमध्ये कर्ता क्रियापदानंतर येतो. म्हणजे ‘जहाजं पुष्कळ आहेत’ असं वाक्यच झालं, आणि पुढे खरं क्रियापद आलं की वाचणारा ठेचकाळतो. हवं ते “डूजमेय लाव्’”. ‘थोडे’वाला “पूष” तसाच. “ओप”, म्हणजे काही, मात्र नाम आहे, तो आधी येतो. शब्दकोशात नुसता अर्थ बघून पान उलटणाऱ्यांनी शब्दापुढे नाम लिहिलंय की क्रियापद, तेही वाचायची तसदी घ्यावी.

आकडा असेल तर अनेकवचनाचा प्रत्यय ऐच्छिक. चार मुलं म्हणजे “लोष पूक़” किंवा “लोष पूक़पू’”. यावरून कृपया भांडू नका. पण “ख़ोच”बरोबर ही मोकळीक नाही: “ख़ोच नूख़” म्हणजे प्रत्येक शस्त्र, “ख़ोच नूख़मेय” म्हणजे सगळी शस्त्रं.

आणि “चा’” म्हणजे दोन, पण “चा” म्हणजे टॉर्पेडोंचा अख्खा ताफा. एकटा टॉर्पेडो “पेंग”. “चा”चा अर्थ मुळातच अनेकवचनी, त्याला अनेकवचनाचा “-मेय” जोडू नका. कितीही टॉर्पेडो असोत, व्याकरण त्याला एकवचनीच धरतं.